टक्का वाढला, पण कोणाचा?

मतदानाच्या दिवशी दुपारी तीनच्या सुमाराला एखाद्या पक्षाच्या टेबलाजवळ जाऊन उभं राहावं. केंद्रापासून ठरलेल्या अंतरावर, झाडाखाली किंवा बंद दुकानाच्या पायरीशी एक घडीचं टेबल, दोन प्लास्टिकच्या खुर्च्या, पाण्याचा जार आणि मतदारयादीची झेरॉक्स. सकाळपासून जे मतदान करून गेले त्यांच्या नावांवर पेनाने रेघा मारलेल्या असतात. तीन वाजले की कोणीतरी जुनाजाणता कार्यकर्ता ती यादी पुढे ओढतो आणि कोरी राहिलेली नावं वाचायला लागतो. ‘हे आलेले नाहीत, यांच्या घरात चार मतं आहेत, फोन लाव.’ ‘तिसऱ्या मजल्यावरच्या आजी राहिल्यात, त्यांच्या नातवाला सांग.’ ‘हे सोड. हे आपले नाहीत.’

माझी सगळी नोकरी शाळेत गेली, त्यामुळे निवडणुकीची ड्युटी चुकली नाही. केंद्राध्यक्ष म्हणून आत बसलो की दर दोन तासांनी आकडा कळवायचा: इतके पुरुष, इतक्या स्त्रिया, एकूण इतके. त्या आकड्याला पक्ष नसतो. बाहेरच्या टेबलावरच्या यादीत मात्र प्रत्येक नावापुढे ‘आपला’, ‘त्यांचा’ किंवा ‘कुंपणावरचा’ अशी खूण असते, कागदावर नसली तर डोक्यात असते. संध्याकाळी टीव्हीवर जो टक्का सांगतात तो आतला, आणि निकाल लागतो तो बाहेरच्या यादीवर. या दोन्हींची गल्लत आपण वर्षानुवर्षं करत आलो आहोत. ती गल्लत निरुपद्रवी आहे असं मला वाटत नाही, म्हणून हा लेख.

गल्लत अशी की टक्का वाढला की सरकार पडतं. लोक चिडले की बाहेर पडतात, खूश असले की घरी बसतात, हे इतकं सहज पटतं की ते तपासावंसंच वाटत नाही. १९७७ साली लोकसभेचं मतदान आधीच्या ५५ टक्क्यांवरून ६० च्या वर गेलं आणि इंदिरा गांधींचं सरकार गेलं. बरोबर. पण १९८४ ला ते त्याहून वाढलं आणि सत्तेतल्याच काँग्रेसला चारशेहून जास्त जागा मिळाल्या. २००४ मध्ये टक्का १९९९ पेक्षा घसरला आणि सरकार बदललं. २०१४ ला तो ६६ वर गेला, सरकार बदललं. २०१९ ला आणखी एक टक्क्याने वाढला आणि तेच सरकार जास्त जागा घेऊन परत आलं. राज्यांतही असंच दिसतं. पश्चिम बंगालमध्ये २०११ आणि २०१६ या दोन्ही वेळी मतदान ८० टक्क्यांच्या वर होतं. पहिल्या वेळी डाव्यांची ३४ वर्षांची सत्ता गेली, दुसऱ्या वेळी ममता बॅनर्जी आरामात परतल्या. बिहारात २०१० ला मतदान वाढलं आणि नितीशकुमारांच्या आघाडीने २४३ पैकी २०६ जागा घेतल्या. गुजरातमध्ये २०२२ ला २०१७ च्या मानाने मतदान चार-पाच टक्क्यांनी घटलं आणि भाजप ९९ वरून १५६ वर गेला.

मिलन वैष्णव आणि जोनाथन गाय या अभ्यासकांनी राज्यांच्या अनेक दशकांच्या निवडणुका तपासून हेच मांडलं: मतदान वाढण्या-घटण्याचा आणि सत्ताधारी पक्षाच्या निकालाचा भरवशाचा असा काही संबंध सापडत नाही. आपल्या महाराष्ट्रापुरतं बोलायचं तर दोनच उदाहरणं पुरेत. १९९५ ला विधानसभेसाठी सुमारे ७२ टक्के मतदान झालं आणि युतीने काँग्रेसचं सरकार घालवलं. त्यानंतरचं सर्वांत जास्त मतदान २०२४ च्या नोव्हेंबरमध्ये झालं, ६६ टक्के, आणि सत्तेत असलेली महायुती २३० जागांवर पोचली.

मग उत्साहाला काही अर्थच नाही का? उलट, फार आहे. पण तो एकूण टक्क्यात शोधायचा नसतो. हे मला नीट कळलं ते पुण्याच्या कसबा मतदारसंघात, कारण तिथे मी राहतो.

फेब्रुवारी २०२३ मधली पोटनिवडणूक आठवा. भाजपच्या आमदार मुक्ता टिळक वारल्या होत्या. आजारपणात अँब्युलन्समधून मुंबईला जाऊन राज्यसभा आणि विधान परिषदेसाठी मत देणाऱ्या आमदार म्हणून त्यांचं नाव सगळ्यांच्या तोंडी होतं. उमेदवारी टिळकांच्या घरात मिळाली नाही, हेमंत रासने यांना मिळाली, आणि पेठांमध्ये नाराजीचे फलक लागले. समोर काँग्रेसचे रवींद्र धंगेकर. मुख्यमंत्री, उपमुख्यमंत्री, मंत्र्यांची फौज गल्लोगल्ली फिरली. पुण्याचे तेव्हाचे खासदार गिरीश बापट नाकाला ऑक्सिजनची नळी लावून व्हीलचेअरवरून कार्यकर्त्यांसमोर आले. निकाल काय लागला ते सर्वांना माहीत आहे. १९९५ पासून भाजपकडे असलेली जागा सुमारे अकरा हजार मतांनी गेली. धंगेकरांना ७३ हजारांच्या आसपास मतं, रासन्यांना ६२ हजार. ‘कसबा फिरला’ असं तेव्हा सगळ्यांनी लिहिलं.

पावणेदोन वर्षांनी तेच दोघे पुन्हा समोरासमोर आले. रासने ९० हजार, धंगेकर ७० हजार, फरक साधारण साडेएकोणीस हजारांचा. म्हणजे कसबा परत फिरला का? आकडे शेजारीशेजारी ठेवून बघा. धंगेकरांची मतं अडीच-पावणेतीन हजारांनीच घटली. जिंकले तेव्हा जेवढे लोक त्यांच्यामागे होते, जवळपास तेवढेच हरतानाही होते. रासन्यांची मतं मात्र अठ्ठावीस हजारांनी वाढली, आणि मतदारसंघात एकूण जास्तीचं मतदान झालं तेही त्याच्याच आसपास. मी बंद पाकिटं उघडून पाहिलेली नाहीत. कोणी इकडून तिकडे गेलं असेल, कोणी पहिल्यांदाच आलं असेल, मनसेसारखे उमेदवार मध्ये होते. तरी ढोबळ चित्र स्पष्ट आहे. २०२३ मध्ये भाजपचा एक मोठा मतदारवर्ग विरोधात गेला नव्हता, तो घरी बसला होता. २०२४ मध्ये तो आला. आमच्या जिन्यात मी हे डोळ्यांनी पाहिलं. पोटनिवडणुकीच्या दिवशी, रविवार असूनही, दोन घरं दुपारी झोपून राहिली. ‘आपण कोणाला विरोध करत नाही, पण यावेळी जाणार नाही’ असं त्यांनीच मला सांगितलं होतं. नोव्हेंबरात तीच मंडळी सकाळी सव्वासातला रांगेत होती, घरातल्या सून-मुलांसकट.

घरी बसणं हे मत नसतं असं आपण मानतो. कसब्यात ते अकरा हजारांच्या फरकाचं मत ठरलं.

राज्यभर हीच गोष्ट मोठ्या प्रमाणावर घडली. २०२४ च्या एप्रिल-मेमधल्या लोकसभा निवडणुकीत ४८ पैकी ३० जागा महाविकास आघाडीने घेतल्या, १७ महायुतीने, एक अपक्षाने. जागांत एवढी तफावत, पण मतं? आघाडीला अडीच कोटी, महायुतीला दोन कोटी अठ्ठेचाळीस लाखांच्या आसपास. साडेपाच कोटींहून जास्त मतदान झालेल्या राज्यात दोन लाखांचा फरक. हे आघाडीच्या नेत्यांना दिसलंच नाही, किंवा त्यांनी बघितलं नाही. त्यांनी जागा मोजल्या आणि मुख्यमंत्रिपदावरून भांडण सुरू केलं. महायुतीने मतं मोजली. सहा महिन्यांनी विधानसभेला सुमारे ७० लाख जास्त लोकांनी मतदान केलं आणि त्या वाढीचा जवळजवळ सगळा फायदा एकाच बाजूला गेला. आघाडीची मतं तर लोकसभेपेक्षा कमीच झाली.

माझा अनुभव असा की जिंकणारा गाफील होतो आणि हरलेल्याला झोप लागत नाही. लोकसभेच्या वेळी ‘चारसौ पार’ची घोषणा भाजपच्या स्वतःच्या मतदारालाच जास्त ऐकू गेली. जिंकतोयच, तर मे महिन्याच्या उन्हात रांग कशाला लावायची? त्याच घोषणेचा दुसऱ्या वस्त्यांमध्ये वेगळा अर्थ लागला. चारशे आले तर संविधान बदलतील, ही भीती दलित वस्त्यांमध्ये घराघरात बोलली गेली आणि तिथली रांग लांबली. एका वाक्याने दोन्हीकडे काम केलं, उलट्या दिशेने. विधानसभेला पारडं फिरलं. संघाच्या मंडळींनी ‘सजग रहो’ म्हणत सोसायट्यांमध्ये, वाड्यांमध्ये दहा-पंधरा जणांच्या बैठका घेतल्या. भाषण नाही, फलक नाही, चहा आणि ‘यावेळी जायचं आहे’ एवढंच. आघाडीचा मतदार ‘आपलंच येतंय’ म्हणून सैलावला होता.

धुळ्याचं उदाहरण तर याहून बोलकं आहे आणि त्याबद्दल सरळ बोललं पाहिजे. लोकसभेला भाजपचे सुभाष भामरे सहापैकी पाच विधानसभा क्षेत्रांत पुढे होते. सहावं क्षेत्र मालेगाव मध्य. तिथून काँग्रेसच्या शोभा बच्छाव यांना जवळपास एक लाख चौऱ्याण्णव हजारांची आघाडी मिळाली आणि त्या ३,८३१ मतांनी निवडून आल्या. मालेगावच्या मुसलमान मतदाराने एकदिलाने मतदान केलं, हे वास्तव आहे. तसं करण्याचा त्याला पूर्ण हक्क आहे; कोल्हापुरात गट करतात, पेठांत आम्ही करतो, बीडमध्ये जाती करतात, तेच त्याने केलं. पण विधानसभेच्या प्रचारात त्याला ‘व्होट जिहाद’ असं नाव दिलं गेलं आणि त्या नावाने राज्यातल्या दुसऱ्या कोपऱ्यांतले मतदार बाहेर काढले गेले. एका समाजाने आपला हक्क बजावला याची भीती दाखवून दुसऱ्याला बजावायला लावणं मला लाजिरवाणं वाटतं. ते परिणामकारक ठरलं, म्हणून त्याची लाज कमी होत नाही. उत्साह वाढला की लोकशाही निरोगी झाली असं जे आपण धरून चालतो, ते इथे खोटं पडतं. भीतीनेही रांग लांबते.

पैशानेही लांबते का? लाडकी बहीण योजनेवर गेल्या काही काळात इतकं लिहून झालं आहे की मी आकड्यांपुरतंच बोलतो. २०१९ च्या विधानसभेला पुरुषांचं मतदान ६२.७७ टक्के आणि स्त्रियांचं ५९.२६. २०२४ ला पुरुष ६६.८४, स्त्रिया ६५.२२. पुरुष चार टक्क्यांनी वाढले, स्त्रिया सहा टक्क्यांनी. मतदानाआधी दरमहा दीड हजारांचे पाच हप्ते, साडेसात हजार रुपये खात्यात पडले होते, त्यांचा यात वाटा नाही असं कोण म्हणेल? पण मला त्यातली दुसरी बाजू जास्त महत्त्वाची वाटते. या योजनेसाठी बायकांनी बँकेत स्वतःचं खातं उघडलं, आधार जोडलं, सेतू केंद्राच्या रांगेत उभ्या राहिल्या. सरकार नावाच्या गोष्टीशी नवऱ्याला मध्ये न घेता त्यांचा पहिल्यांदा थेट व्यवहार झाला. जिचा व्यवहार आहे ती मत द्यायला जाते. ‘दीड हजारात विकल्या गेल्या’ म्हणणाऱ्यांनी एकदा तरी विचारावं की साखर कारखान्याचा भाव, पाण्याची पाळी, सोसायटीचं कर्ज यासाठी पुरुष पिढ्यानपिढ्या मत देत आले, त्याला आपण कधी विकणं म्हटलं होतं का?

आता कोल्हापूरकडे वळतो, कारण टक्क्याचा आणि निकालाचा खरा संबंध तिथे दिसतो. विधानसभेला राज्यात सर्वांत जास्त मतदान करवीरमध्ये झालं, ८४ टक्क्यांच्या वर. सर्वांत कमी कुलाब्यात, जेमतेम ४४-४५. करवीरचा निकाल दोन हजारांच्या आत लागला. चंद्रदीप नरके १,९७६ मतांनी जिंकले. कुलाब्यात राहुल नार्वेकर अठ्ठेचाळीस हजारांहून जास्त मतांनी. जिथे जवळजवळ सगळं गाव बाहेर पडलं तिथे काट्याची टक्कर, आणि जिथे निम्मेही आले नाहीत तिथे एकतर्फी. लाटेमुळे मतदान वाढतं म्हणतात, पण करवीरमध्ये लाट कुठे होती? तिथे दोन्हीकडच्यांनी आपापलं घर शेवटच्या माणसापर्यंत बाहेर काढलं. गोकुळ दूध संघ, साखर कारखाना, ग्रामपंचायत, सोसायटी अशा निवडणुका तिथे बारमाही चालू असतात; कोण कोणाच्या गटाचा हे पोरासोरांना ठाऊक असतं. मुंबईहून खास गाड्या करून माणसं येतात, कारण आपलं एक मत कमी पडलं तर उद्या चावडीवर तोंड दाखवता येणार नाही. मतदान चुरशीमुळे वाढतं, ही गोष्ट उलटीकडूनही वाचली पाहिजे. कुलाब्याच्या मतदाराला आळशी म्हणण्याआधी त्याच्यासमोर निवडणूक होती का, हे विचारलं पाहिजे.

मुंबई महापालिकेचंच बघा ना. २०१२ मध्ये ४५ टक्क्यांच्या आत मतदान झालं होतं. २०१७ मध्ये शिवसेना आणि भाजप पहिल्यांदा एकमेकांविरुद्ध ताकदीने उभे राहिले आणि ते ५५ टक्क्यांवर गेलं. शहर तेच, मतदार तोच, आळसही तोच. शिवसेना ७५ वरून ८४ वर गेली, भाजप ३१ वरून ८२ वर, आणि काँग्रेस, मनसे आपटले. दोघांनीही आपलं मतदान काढलं, आणि ज्यांना काढता आलं नाही ते गेले. त्यानंतर मार्च २०२२ मध्ये महापालिकेची मुदत संपली आणि तीन वर्षांहून जास्त काळ निवडणूकच झाली नाही. लोकांना मतदानाची सवय राहत नाही म्हणून ओरडायचं आणि निवडणुकाच लांबणीवर टाकायच्या, या दोन गोष्टी एका तोंडाने कशा बोलता येतात?

शहरी मतदाराला दोष देणारे लेख दर निवडणुकीनंतर येतात. त्यातला काही भाग खरा आहे, नाही म्हणत नाही. २० मे २०२४ ला सोमवार होता, शनिवार-रविवारला जोडून लोक कोकणात, महाबळेश्वरला गेले. आयोगाने ते लक्षात घेऊन विधानसभेचं मतदान बुधवारी ठेवलं. पण त्याच २० मे रोजी मुंबईत जे आले त्यांचं काय झालं? मोबाइल बाहेर ठेवायची सोय नाही, पंखा नाही, रांग तीन-तीन तास हलत नाही. म्हातारी माणसं परत गेली. त्यांची नोंद ‘उदासीन मतदार’ अशीच झाली.

आणि टक्क्याचा खालचा आकडा, भाजक, त्याबद्दल कोणीच बोलत नाही. यादीत शंभर नावं आहेत, त्यातली आठ मेलेल्यांची, दहा घर बदलून गेलेल्यांची, चार दोनदा आलेली. उरलेल्या अठ्ठ्याहत्तरांपैकी पन्नास आले तर प्रत्यक्षात ६४ टक्के मतदान झालं, कागदावर ५०. पुण्यात-मुंबईत भाड्याची घरं, पुनर्बांधणी, बदल्या यामुळे अशी नावं गावापेक्षा कितीतरी जास्त. बिहारात २०२५ ला यादीची फेरतपासणी होऊन मतदारसंख्या ७.८९ कोटींवरून ७.४२ कोटींवर आली आणि मग विक्रमी टक्का नोंदला गेला. त्यातला किती उत्साहाचा आणि किती भाजकाचा, हे वेगळं काढल्याशिवाय त्या विक्रमावर निबंध लिहिण्यात अर्थ नाही. नावं काढताना जिवंत माणसाचं नाव गेलं तर टक्का वाढतो आणि हक्क मरतो, हेही ध्यानात ठेवायला हवं.

हे मी पुस्तकी बोलत नाही. आमच्या शेजारच्या काकू, वय ऐंशीच्या पुढे. त्यांचे यजमान नाना गेले २०१६ ला. मुलाने त्यांचं नाव कमी करण्यासाठी सात नंबरचा अर्ज भरला, मृत्यूचा दाखला जोडला. मे २०२४ ला काकू नेहमीप्रमाणे सकाळी साडी नेसून, पाकिटात ओळखपत्र घेऊन शाळेत गेल्या. यादीत नाना होते. काकू नव्हत्या. नाव कापताना वरची ओळ कापायची ती खालची कापली गेली. केंद्रावरच्या माणसाने हात जोडले, त्याच्या हातात काहीच नव्हतं. काकू जिना चढून आल्या आणि मला म्हणाल्या, ‘अरे, मी बावन्नपासूनची आठवण सांगते, आईचं बोट धरून गेले होते. आज मला म्हणाले, तुम्ही नाहीच.’ त्या दिवसाच्या टक्क्यात त्या कुठे मोजल्या गेल्या? न आलेल्यांतही नाहीत.

ऊसतोड मजुरांचंही असंच आहे, फक्त संख्या लाखांत. २०२४ चा गाळप हंगाम १५ नोव्हेंबरला सुरू व्हायचा होता आणि मतदान २० नोव्हेंबरला. बीड, आष्टी, पाथर्डीकडची जोडपी कोयता घेऊन पश्चिम महाराष्ट्रात, कर्नाटकात जातात. पाच दिवसांत परत येऊन मत द्यायचं तर मुकादमाची परवानगी हवी आणि गाडीभाडं हवं. ज्या उमेदवाराला गरज असेल तो गाडी पाठवतो. मग त्या मजुराचं मत कोणाच्या मालकीचं झालं? गाडीतून आणून माणसं वाढवल्यावर आपण त्यालाही उत्साह म्हणतो.

संध्याकाळच्या आकड्यांचा वाद टाळून पुढे जाणं प्रामाणिक होणार नाही. २० नोव्हेंबरला पाच वाजता आयोगाने ५८.२२ टक्के सांगितले, अंतिम आकडा ६६.०५ आला. विरोधकांनी संशय घेतला, आयोगाने तो फेटाळला. मी आत बसलेला माणूस आहे. तेव्हा पाचचा आकडा हा फोनवर कळवलेला अंदाज असायचा, सहाला दार बंद झालं तरी आवारातल्या रांगेला चिठ्ठ्या देऊन सगळ्यांचं मतदान होतं, हे मी स्वतः केलं आहे. त्यामुळे फरक पडतो म्हणून लगेच चोरी म्हणायला मी तयार नाही. पण संशय मिटवायचा उपाय केंद्राध्यक्षाच्या हातात त्याच रात्री असतो. मतदान संपलं की नमुना १७-क भरायचा, त्यावर एकूण किती मतं पडली ते लिहायचं आणि हजर असलेल्या प्रत्येक पोलिंग एजंटला त्याची प्रत द्यायची. मी दिलेल्या आहेत, सह्या घेऊन. तोच कागद केंद्रनिहाय लोकांसमोर ठेवायला काय हरकत आहे? मे २०२४ मध्ये ही मागणी सर्वोच्च न्यायालयापुढे गेली होती, निवडणूक चालू असताना न्यायालयाने अंतरिम आदेश दिला नाही. निवडणुका काही संपलेल्या नाहीत, मागणी अजून उभी आहे. ज्याला टक्क्यावरून लोकांचा कौल वाचायचा आहे त्याला राज्याचा एक आकडा देऊन काही कळत नाही. केंद्रागणिक, स्त्री-पुरुषागणिक आकडा दुसऱ्या दिवशी मिळाला तर कोणाचं मतदान निघालं आणि कोणाचं अडलं हे शाळेतला पोरगाही सांगेल. आणि पराभूत पक्षांनाही मग सबबी सांगता येणार नाहीत, तीन वाजता आपलं टेबल रिकामं होतं हे कबूल करावं लागेल.

मतदान सक्तीचं करा, असं दर वेळी कोणीतरी सुचवतं. ऑस्ट्रेलियाने १९२४ ला सक्ती आणली आणि साठीच्या आत असलेलं मतदान पुढच्याच निवडणुकीत नव्वदीच्या वर गेलं. तिथे ते जमलं. गुजरातने स्थानिक निवडणुकांसाठी तसा कायदा केला, उच्च न्यायालयाने २०१५ मध्ये त्याला स्थगिती दिली. मला विचाराल तर ज्या यादीत जिवंत बाई नाही आणि मेलेला नवरा आहे, त्या यादीवर सक्ती करून दंड कोणाला करणार?

वायव्य मुंबईत २०२४ च्या लोकसभेला रवींद्र वायकर ४८ मतांनी जिंकले. चार लाख बावन्न हजार सहाशे चव्वेचाळीस विरुद्ध चार लाख बावन्न हजार पाचशे शहाण्णव. त्याच मतदारसंघात पंधरा हजारांहून जास्त लोकांनी नोटाचं बटण दाबलं आणि सात लाखांहून जास्त लोक आलेच नाहीत. अमोल कीर्तिकरांच्या बाजूच्या एखाद्या टेबलावर त्या दिवशी तीन वाजता कोणती पन्नास नावं कोरी होती, आणि त्यातले किती जण आळसाने, किती रांगेला कंटाळून, किती यादीत न सापडून परत गेले, हे कोणालाही सांगता येणार नाही.

काकूंचं काय झालं ते सांगायचं राहिलं. ऑगस्टमध्ये मी आणि त्यांचा मुलगा बसून सहा नंबरचा अर्ज भरला. ऐंशी वर्षांच्या बाईचा नवीन मतदार म्हणून अर्ज. फोटो, आधार, विजेचं बिल. नानांसाठी पुन्हा सात नंबर, पुन्हा दाखला. ऑक्टोबरात काकूंचं नाव आलं. मतदानाच्या आदल्या आठवड्यात टेबलावरचा तो कार्यकर्ता जिना चढून चिठ्ठ्या वाटायला आला. माझी दिली, समोरच्यांची दिली, काकूंच्या दारात उभं राहून दोन चिठ्ठ्या पुढे केल्या. काकूंनी दोन्ही वाचल्या, एक पाकिटात ठेवली आणि दुसरी त्याच्या हातात परत दिली. ‘हे येणार नाहीत,’ म्हणाल्या. ‘यादीत रेघ मार.’